मालकी मूठभरांची, कर्जाचा भार सर्वांचा

कल्याणजवळच्या मोहोने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजेच एन.आर.सी.चा कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला. त्या वेळी तो डंकन गोयंका उद्योगसमूहाच्या हाती होता. हजारो कामगारांचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असे सारेच अडकून पडले. पुढे प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळापुढून दिवाळखोरी संहितेच्या कक्षेत गेले, अदानी समूहाची योजना मंजूर झाली आणि जमिनीला नवा धनी मिळाला. २०२५ साली त्याच जमिनीवर सिमेंट दळण्याचा कारखाना उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मोहोने-आंबिवलीच्या रहिवाशांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. मालक बदलले, कर्जाचा हिशेब मिटला. कामगारांच्या देण्यांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे मोर्चे आणि न्यायालये यांच्यामध्ये हेलकावे खात राहिला.

कारखाना बुडाला की त्याचे खापर कामगारांच्या मागण्यांवर, बाजारावर किंवा विजेच्या दरावर फोडण्याची रीत जुनी आहे. या कारणांत तथ्य नसतेच असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: कंपनीने कर्ज किती काढावे, कशासाठी काढावे, हे ठरवतो कोण? आणि ते फिटले नाही तर किंमत मोजतो कोण?

याचे उत्तर मालकीच्या रचनेत दडलेले आहे. समजा, तीनशे रुपयांचा कारखाना उभारायचा आहे. आपल्या वित्तसंस्था दीर्घकाळ कर्ज व भागभांडवल यांचे दोनास एक हे प्रमाण ग्राह्य धरीत आल्या. म्हणजे दोनशे रुपये कर्जाचे, शंभर भागभांडवलाचे. त्या शंभरांतले वीस रुपये प्रवर्तक कुटुंबाचे, उरलेले ऐंशी विखुरलेल्या लहान भागधारकांचे व विमा महामंडळासारख्या संस्थांचे. तीनशेंच्या कारभारावर सत्ता मात्र वीस रुपयेवाल्याची! विस्तार करायचा तर नवे भाग विकता येतात. पण ते इतरांनी घेतले की कुटुंबाचा हिस्सा घटतो, खुर्ची डळमळते. कर्ज घेतले तर खुर्ची शाबूत राहते, शिवाय व्याज हा खर्च म्हणून नफ्यातून आधीच वजा होऊन करही वाचतो. धंदा चालला तर वाढीव नफा भागधारकांचा आणि सत्ता प्रवर्तकाची. बुडाला तर प्रवर्तकाचे नुकसान कायद्याने त्याच्या वीस रुपयांपुरते मर्यादित. अशा माणसाने कर्जाकडे धाव घेतली तर नवल ते काय? त्याच्या स्वभावापेक्षा रचनेचाच तो गुण आहे.

हे काही आजचे दुखणे नव्हे. थोड्या भांडवलावर मोठ्या कंपन्या चालवणारी मॅनेजिंग एजन्सीची पद्धत १९७० साली कायद्याने संपली. वृत्ती संपली नाही. सुबिमल दत्त समितीने १९६९ साली दाखवून दिले होते की सार्वजनिक वित्तसंस्थांच्या साहाय्याचा मोठा वाटा बड्या घराण्यांकडे जातो. दिलेल्या कर्जाचे भागभांडवलात रूपांतर करण्याचा हक्क या संस्थांनी राखून ठेवावा, अशी तिची सूचना होती. कर्जाचे व्याज मालकांना कधी जाचले नाही. ही सूचना मात्र जाचली, कारण ती मालकीला हात घालीत होती. १९८३ साली स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डी.सी.एम.चे भाग खरेदी केले, तेव्हा साऱ्या देशाने पाहिले की एस्कॉर्ट्सचे निम्म्याहून अधिक भाग सार्वजनिक संस्थांकडे आणि सूत्रे मात्र किरकोळ हिस्सा असलेल्या कुटुंबाकडे होती. जनतेचा पैसा मालक होता, पण मुका मालक.

कर्ज देणारा मालकावर अंकुश ठेवतो, असे अर्थशास्त्री सांगतात. तत्त्वतः ते खरे आहे. १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा आला, तो अपुरा ठरला म्हणून २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली. कर्ज थकवणाऱ्या प्रवर्तकाच्या हातून कंपनी काढून घेता येते, हा या संहितेचा गुण आम्ही मान्य करतो. पण निर्णय घेणारी समिती वित्तीय धनकोंची. सहासष्ट टक्के मतांनी ती योजना मंजूर करते; त्या मतदानात कामगाराला मत नाही. कंपनी अवसायनात गेली तर कामगाराचे देणे तारणधारक बँकेच्या बरोबरीने धरले जाते खरे, परंतु केवळ अवसायनाच्या आदेशापूर्वीच्या चोवीस महिन्यांचे. बाकीचे रांगेत खूप मागे. ज्याचा कारखाना कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडला, त्याने या चोवीस महिन्यांचे काय करावे?

आता ठाण्याकडे पाहू. १९२५ साली सुरू झालेली आणि १९४४ पासून सिंघानिया घराण्याकडे असलेली रेमंडची गिरणीही २००९ सालीच बंद झाली. तेथे स्वेच्छानिवृत्तीची वाट काढण्यात आली, हा एन.आर.सी.हून वेगळा भाग. पण जमीन राहिली आणि कंपनीच्या कामी आली: २०१९ मध्ये तिच्यातील सुमारे वीस एकरांचा तुकडा सुमारे ७०० कोटींना विकण्याचे ठरले, ते कर्ज हलके करण्यासाठी. जेथे लोकर विणली गेली, तेथे आज मनोरे उभे आहेत. याच कंपनीत २०१७ साली मुंबईतील जे.के. हाऊसमधील सदनिका बाजारभावाहून कितीतरी कमी दराने प्रवर्तक कुटुंबीयांना देण्याचा ठराव आला, तेव्हा इतर भागधारकांनी प्रचंड बहुमताने तो फेटाळला. कायद्याने त्यांना मत दिले होते, म्हणून ते फेटाळू शकले.

तात्पर्य उघड आहे. भागधारकाला मत आहे. सावकाराला मत आहे. ज्याच्या घामाने ती जमीन सोन्याची झाली, त्या कामगाराला मत नाही.

मोहोन्यापासून हाकेच्या अंतरावर शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे. धंदा तोच, नदी तीच, रेल्वेमार्गही तोच. तो कारखाना चालू राहिला आणि २०१८ पासून बिर्ला समूहातीलच ग्रासिमकडे चालवण्यास गेला. तेव्हा रेयॉनचा धंदाच मेला होता, ही सबब पुरी पडत नाही. मालकाच्या पाठीशी काय आहे आणि तो कोठे पैसा घालतो, यावर कारखान्याचे आयुष्य ठरते. असा निर्णय एका कुटुंबाच्या मर्जीवर सोडणे हीच आमची मूळ तक्रार आहे.

कामगार हा केवळ वेतनाचा धनी नाही, तो कंपनीचा सावकारही आहे. थकलेला पगार, न भरलेला भविष्यनिर्वाह निधी, साठत गेलेली ग्रॅच्युइटी हे सारे त्याने दिलेले कर्जच होय. तेही बिनतारणाचे, सक्तीचे. बँक निदान कागद पाहून कर्ज देते. कामगाराला कोणी विचारतही नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. धनकोंच्या समितीत कामगारांच्या प्रतिनिधीला मत असावे. चोवीस महिन्यांची मर्यादा रद्द होऊन कारखाना बंद पडल्या दिवसापासूनची सर्व देणी अग्रक्रमाने धरली जावीत. बंद कारखान्याची जमीन विकली वा विकसित झाली, तर पहिला हक्क कामगाराच्या देण्याचा असावा आणि तो चुकता झाल्याविना बांधकामाला परवानगी नसावी. सार्वजनिक बँकांनी मोठे कर्ज देताना कामगार संघटनेला ताळेबंद दाखवण्याची अट घालावी.

साथींना आमचे एक सांगणे आहे. आपण पगारवाढीचे करार बारकाईने वाचतो, कंपनीचा ताळेबंद मात्र वाचीत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, वागळे इस्टेटमध्ये, अंबरनाथमध्ये, प्रत्येक युनियनच्या कार्यालयात तो वाचला गेला पाहिजे: कर्ज किती, तारण काय, जमीन कोणाकडे गहाण, प्रवर्तकाचा हिस्सा किती. दारे बंद झाल्यावर दाराशी बसण्यापेक्षा ती बंद होण्यापूर्वी हिशेब मागणे, ही आजच्या लढ्याची पहिली पायरी आहे.