विश्लेषण : स्वस्तातली एफ/१.२ लेन्स कुणाच्या कामाची?

कॅननने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘आरएफ ४५ मिमी एफ/१.२’ ही लेन्स जाहीर केली. तिची अमेरिकेतील किंमत आहे सुमारे ४७० डॉलर. २०१८ मधील कॅननचीच ५० मिमी एफ/१.२ ‘एल’ लेन्स जवळपास २,३०० डॉलरची होती. वजनही ९५० ग्रॅमवरून ३४६ ग्रॅमवर आले आहे.

फायदा काय?

एफचा आकडा लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. एफ/१.८ च्या तुलनेत एफ/१.२ वर सव्वादोन पट प्रकाश मिळतो. मंद उजेडातील समारंभात फ्लॅशविना काम भागते.

तडजोड कुठे?

पाणी-धुळीपासून संरक्षण नाही. लेन्समध्ये स्थिरीकरणही नाही. कॅमेऱ्यात ती सोय नसेल, तर हातात धरून केलेला व्हिडिओ हलतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून एफ/१.२ वर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, कान धूसर! बोलणारी व्यक्ती जरा पुढे झुकली, तरी फोकस हलू शकतो. भर उन्हात व्हिडिओसाठी एनडी फिल्टरचा खर्च वेगळाच.

मग घ्यावी का?

रोजचे काम कमी उजेडातले असेल, तर जरूर. बाकीच्यांना १६० ग्रॅमची, बरीच स्वस्त ५० मिमी एफ/१.८ पुरेशी आहे.