हाक वेळेवर पोचली पाहिजे



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. ढिगाऱ्याखालच्या माणसाचे आयुष्य तासांवर मोजले जाते. कुठल्या गावात क्रेन हवी, कुठे डॉक्टर हवा, ही खबर जितकी उशिरा पोचते तितकी माणसे कमी वाचतात. ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर कणीस भरते. वेळ टळल्यावर विहीर उपसली तरी हाती कडबाच येतो. खबरीचेही तसेच आहे.

कोणी म्हणेल, तो काळ गेला, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. हा भ्रम आधी सोडावा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत शहराचे मोबाईल मुके झाले. टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की काही तास बॅटरी, मग डिझेल. रस्ताच बंद झाला तर डिझेल येणार कुठून? त्यातच संकटाच्या वेळी सगळे एकदम फोन लावतात. खुशाली विचारणारा पाहुणा आणि जखमीला घेऊन निघालेला रुग्णवाहिकेचा चालक एकाच रांगेत अडकतात.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारती कोसळल्या, त्यात अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इमारतीची अवस्था दिसत होती. पण पोलिसांचा बिनतारी वेगळा, अग्निशमन दलाचा वेगळा. 'बाहेर पडा' हा आदेश आतल्या अनेकांच्या कानापर्यंत गेलाच नाही. पुढे २०१२ साली अमेरिकेने कायदा केला. बचाव दलांसाठी वेगळ्या लहरी राखून ठेवल्या आणि लहरींच्या लिलावातून ७०० कोटी डॉलर बाजूला काढले. 'फर्स्टनेट' नावाचे हे जाळे उभारून चालवण्याचे काम २०१७ साली एका कंपनीला २५ वर्षांसाठी दिले. इतरांचे फोन अडले तरी बचाव करणाऱ्याचा फोन पुढे जाईल, ही त्यातली अट. म्हणजे जाळे कंपनीने चालवले तरी लहरी, पहिला पैसा आणि अट सरकारचीच होती.

हे असेच का व्हावे लागते? असे जाळे वर्षाचे तीनशे दिवस रिकामे असते. रिकाम्या गाडीत कोणता व्यापारी पैसा घालील? शेताचा बांध पावसाळ्याआधी घालायचा असतो. पाणी वाहून गेल्यावर बांध घालणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आपल्या देशात कागद कमी नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली शिफारस केली की, पोलीस, अग्निशमन आणि आपत्ती निवारण दलांसाठी देशभर एक जाळे सरकारी खर्चाने उभारावे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तरतूद आहे की, आपत्तीत बचावकार्यातील अधिकृत लोकांचे संदेश आधी पोचतील अशी व्यवस्था सरकार करू शकते. कायद्यातला 'शकते' हा शब्द नीट वाचावा. तो 'केलीच पाहिजे' नाही.

पैशाचेही रडगाणे नको. खेड्यात फोन पोचावा म्हणून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम एका निधीत घेण्याची पद्धत दोन दशकांहून जुनी आहे. त्याच निधीला २०२३ च्या कायद्याने 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. हा पैसा अखेर आपल्याच रिचार्जमधून गेलेला आहे. तो कोरडवाहू गावांतल्या टॉवरच्या जादा बॅटरीवर आणि सौर पॅनलवर खर्च झाला, तर त्याचा हेतूच पुरा होईल.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक तालुक्याने जिल्हाधिकाऱ्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत. मोबाईल बंद पडला तर तहसील आणि गाव यांच्यात बिनतारी आहे काय, आणि तो शेवटचा कधी तपासला? वीज गेल्यावर आपल्या गावाचा टॉवर किती तास चालतो? पोलीस, आरोग्य आणि महसूल खात्यांची माणसे एकमेकांशी थेट बोलू शकतात काय?

उत्तर लेखीच घ्यावे आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. वीज पडली, साप चावला, फवारणीत विषबाधा झाली, तर पहिला धावतो तो शेजारचा शेतकरीच. धावायला आपण कधी मागे राहिलो नाही. आपली हाक पुढे पोचवण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि तिचे मोल आपण आधीच भरले आहे. आता पावती मागायची.