प्रश्नावलीतला पक्षपात

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात ओझी उचलणारा माथाडी कामगार आणि त्याच वसाहतीत चार घरची धुणीभांडी आटोपून स्वतःच्या चुलीपुढे उभी राहणारी त्याची बायको, या दोघांसाठी आशा सेविकेच्या हाती शासनाचा एकच तपासणी-तक्ता असतो. तिशीवरील नागरिकांच्या या तक्त्यात कमरेच्या घेराची मर्यादा स्त्रियांना ८० सेंटिमीटर व पुरुषांना ९० अशी वेगळी आहे. मनाविषयीचे दोन प्रश्न मात्र दोघांना सारखेच : काही करण्यात रस वा आनंद वाटेनासा झाला आहे काय, आणि मन खिन्न असते काय. ज्या स्त्रीला स्वतःच्या आवडीचे काही करण्याची सवडच कधी मिळाली नाही, तिने पहिल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

बायका अधिक वेळा ‘होय’ म्हणतात, एवढ्याने प्रश्न पक्षपाती ठरत नाही. त्यांच्या वाट्याला दुःखच अधिक आले असेल. म्हणून एकूण गुण सारखे असलेले स्त्री-पुरुष घेऊन एकेका प्रश्नाची उत्तरे ताडून पाहावी लागतात. तरीही फरक उरला, तर तो प्रश्न खिन्नतेखेरीज आणखी काही मोजतो आहे. अमेरिकेत रॅडलॉफ यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वीस विधानांच्या मापिकेत रडू येण्याविषयी एक विधान आहे. तितकीच खिन्नता असलेल्या पुरुषांपेक्षा स्त्रिया त्याला अधिक होकार देतात, असे पुढील संशोधनात आढळले. पुरुषाने रडू नये असे शिकवणाऱ्या समाजात त्या माथाडीचे दुःखही अशा विधानातून निसटते. आपल्याकडे तर १९५५ च्या भाटिया बुद्धिमापन कसोट्यांची प्रमाणकेच केवळ मुलग्यांवरून ठरवली गेली होती!

या गणितालाही मर्यादा आहे. एकूण गुण त्याच प्रश्नांचे बनतात. सारी प्रश्नावलीच एका बाजूला कललेली असेल, तर पक्षपात झाकला जातो. दोनच प्रश्नांच्या तक्त्याची छाननी तर सविस्तर मुलाखतींची जोड दिल्यावाचून होणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. आरोग्य खात्याने मराठी तक्त्याची अशी छाननी, मुलाखतींसह, करून तिचे निष्कर्ष जाहीर करावेत. सासू वा नवरा समोर बसला असताना सून काय उत्तर देते, हे आशा सेविकांइतके कोणाला ठाऊक असणार? मानधनासाठी ज्यांना २०२१ आणि २०२३ मध्ये संपावर जावे लागले, त्या सेविकांना छाननीच्या समितीत जागा आणि त्या कामाचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे.