चार ओव्यांपलीकडे

फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीच्या गौरवाच्या त्याच चार ओव्या प्रत्येक समारंभात म्हणायच्या आणि टाळ्या घ्यायच्या, यालाच आपण संशोधन समजू लागलो आहोत. उरलेल्या सुमारे ११ हजार ओव्या वाचणार कोण? हा ग्रंथ १६१६, १६४९ व १६५४ साली छापला गेला. त्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी तो मंगळूरला पुन्हा छापला, तो हस्तलिखितांच्या आधारे. कुणी तरी नक्कल केली, कुणी तरी ती वाळवीपासून राखली, म्हणून ग्रंथ तगला. (राखणारे सारेच पंडित होते, असे थोडेच आहे!) आणि आपण? जुने घर पाडताना आजोबांचे दप्तर रद्दीत जाते. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्यांची पाने ओलीने चिकटतात. 'आमचा इतिहास परक्यांनी लिहिला' ही तक्रार मात्र आपण मोठ्या आवाजात करतो. परक्यांनी निदान कागद पाहिले. लंडनमधील देवनागरी प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी होते, तेही प्रॉटेस्टंट. आपल्या माळ्यावरच्या पेटीत काय आहे, ते येत्या सुट्टीत उघडून तरी पाहाल काय?