केस बंद झाली, पण पोराचे काय?



ऊसतोडीला गेलेली माणसे दिवाळीच्या आगेमागे निघतात, ती उन्हाळा लागल्यावर गावी येतात. तोवर घराला कुलूप. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन येतो, दार बंद दिसते, मग एक प्रत दाराला चिकटवून तसा शेरा लिहून परत जातो. पुढे तो कागद वाऱ्याचा नि शेळ्यांचा.

समजा, तो कागद नवऱ्याने मुलाच्या ताब्यासाठी केलेल्या अर्जाचा होता. बायको पोराला घेऊन फडावर. तारखेला ती हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूम झाला, की पोर बापाकडे द्यावे. ती गावी येते तेव्हा चारचौघे सांगतात, “आता निकाल लागला, केस बंद झाली.” या चारचौघांचे ऐकून घरी बसू नये.

एकतर्फी हुकूम रद्द करून मागता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ९, नियम १३ त्यासाठीच आहे. समन्स रीतसर बजावले नव्हते किंवा हजर न राहण्यास सबळ कारण होते, यांपैकी एक गोष्ट कोर्टाला पटवावी लागते. मुदत मात्र अवघी ३० दिवसांची. ती हुकुमाच्या तारखेपासून धरतात. समन्स रीतसर पोचलेच नसेल तर हुकूम कळला त्या दिवसापासून. म्हणून कोणाकडून, कोणत्या तारखेला कळले हे लगेच लिहून ठेवा. फडावर होता याचा पुरावा म्हणून मुकादमाची उचल-चिठ्ठी, कारखान्याच्या पावत्या जपा. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण त्यात कारण पटेल असे लागते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो : तारीख माहीत होती, जायला वेळही होता, तरी गेला नाहीत, तर समन्समधली बारीकसारीक चूक दाखवून सुटका होत नाही.

ही वाटही बंद झाली असेल तरी पोराच्या बाबतीत दुसरी उरते. बांधाचा दावा अपिलापर्यंत लढून संपला की तोच वाद पुन्हा काढता येत नाही. मुलाचा ताबा तसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सांगितले, की ताब्याचे हुकूम स्वभावतःच कायमचे नसतात. मुलाच्या हितासाठी परिस्थितीप्रमाणे ते बदलता येतात. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा कायदाही मुलाचे हितच पाहायला सांगतो. मूल जाणते असेल तर त्याची इच्छाही कोर्ट विचारात घेऊ शकते. आईप्रमाणे बापालाही हा मार्ग मोकळा आहे.

परंतु “मागचा निकाल चुकला” एवढेच म्हणून भागत नाही. निकालानंतर काय बदलले ते दाखवावे लागते. पोराची शाळा सुटली का? त्याला मारहाण होते का? आजारपणात औषधपाणी मिळाले का? “साऱ्या गावाला ठाऊक आहे” हा पुरावा नव्हे. शाळेचा हजेरीपट, दवाखान्याचे कागद, शपथेवर बोलायला तयार असलेला शेजारी, हे पुरावे. आणि हुकूम असताना पोराला शाळेतून परस्पर उचलून आणू नका. भाऊबंदांच्या जोरावर केलेली ही गोष्ट पुढे कोर्टात तुमच्याच अंगाशी येते.

पोटगीचेही असेच. मंजूर रक्कम पुढे परिस्थिती बदलल्यास वाढते वा कमी होते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. पोटगीचा एकतर्फी हुकूम असेल तर तो रद्द करून मागण्यास तीन महिने मिळतात.

पहिले काम हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल काढण्याचे. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना नक्कल आणि तारखांची ती चिठ्ठी बरोबर न्या.