कूलरचा करंट आणि वायरींच्या रंगांचा घोळ

एप्रिल उजाडला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या पेपरांत एक बातमी हमखास येते: कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसून मृत्यू. त्या सुमारास महावितरणचं आवाहनही येतं. कूलरला अर्थिंग करा, ओल्या हातांनी हात लावू नका, पाणी भरताना पिन काढा. आपण ते वाचतो, मान हलवतो आणि संध्याकाळी कूलर चालू ठेवूनच त्यात पाइप सोडतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने दगावली आहेत. यात शेतातले, खांबावरचे अपघातही आले. पण घरातले अपघात बघितले, तर बऱ्याचदा गोष्ट तीन वायरींपाशी येऊन थांबते. या तीन वायरी काय करतात आणि त्यांच्या रंगांचा एवढा घोळ का होतो, तेच आज समजून घेऊ.

तीन वायरी, तीन कामं

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. फेजमधून ती आत येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. अर्थिंगच्या वायरीतून एरवी काहीच वाहत नाही. ती अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेली असते.

भारतात भिंतीतल्या वायरिंगसाठी रूढ रंग असे आहेत: फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी किंवा हिरवी-पिवळी. घरात थ्री फेज कनेक्शन असेल तर तीन फेज लाल, पिवळी आणि निळी. सॉकेट समोरून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं. पिनमधली अर्थिंगची दांडी लांब असते ती मुद्दामच. पिन लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते.

मग घोळ कुठे होतो?

आता घरातल्या नव्या मिक्सरची, वॉशिंग मशिनची वायर बघा. आत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी वायर दिसेल. हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे रंग: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. म्हणजे थ्री फेज घराच्या भिंतीत निळी वायर फेज असते आणि त्याच घरातल्या मशिनच्या केबलमध्ये निळी वायर न्यूट्रल असते! अमेरिकेत तर काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. तिकडे राहून आलेला माणूस इथला बोर्ड उघडून ‘काळी म्हणजे फेज’ या हिशोबाने कामाला लागला, तर त्याचं गणित उलटं पडेल.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. एके काळी ब्रिटनमध्ये लाल म्हणजे फेज होती, तर जर्मनीत लाल रंग अर्थिंगला वापरायचे. एका देशातलं उपकरण दुसऱ्या देशात गेलं की काय होऊ शकतं, याची कल्पना करा. उपकरणांच्या केबलला युरोपभर एकच रंगसंगती आली ती त्यानंतर. ब्रिटनने घरांच्या भिंतीतल्या वायरिंगचे रंग बदलायला तर २००४ साल उजाडलं. अर्थिंगला हिरव्यावर पिवळा पट्टा देण्यामागेही विचार आहे. लाल-हिरव्यातला फरक ज्याला कळत नाही, त्यालाही दोन रंगांची वायर वेगळी ओळखता येते.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते, ती उरलेल्या बंडलची. लाल वायर संपली की काळी ओढायची, काळी संपली की हिरवी. ‘वीज काय, कुठल्याही रंगातून जाते’ असं वायरमन हसून सांगतो. ते खरंही आहे. रंग विजेसाठी नसतोच, तो दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्या माणसासाठी असतो. आमच्या घरी पंख्याचा रेग्युलेटर बदलताना बोर्डातली हिरवी वायर फेज निघाली होती. आधी टेस्टर लावला म्हणून बरं.

कूलरच का मारतो?

विदर्भातला ठरलेला कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची बॉडी, तळाला पाण्याची टाकी, आत मोटर आणि पंप. ओलाव्याने पंपाचं किंवा मोटरचं इन्सुलेशन खराब झालं की फेज पत्र्याला लागते. अर्थिंग नसेल तर पूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात आणि कूलर मात्र मजेत चालत राहतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलेला माणूस पत्र्याला हात लावतो आणि वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे ना!’ इथेच बहुतेक जण फसतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नाही. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर अंगातून साधारण ०.२३ अँपिअर करंट जातो. जीव जायला तो पुरेसा आहे. सहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

बरं, अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही पूर्ण खरं नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाणी-मीठ पडलेलं नसतं. जमिनीतून जाणाऱ्या मार्गाचा एकूण रोध १० ओहम असेल, तर फॉल्टचा करंट होतो २३ अँपिअर. सोळाची एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, बराच वेळ तशीच बसून राहू शकते. तेवढा वेळ पत्र्यावर धोकादायक व्होल्टेज राहतं.

म्हणून आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत मोजते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढा फरक दिसताच डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. तिलाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर तिला तुमच्यात आणि बल्बमध्ये फरक कळत नाही.

सगळ्यात घातक जुगाड

अर्थिंग नसलेल्या घरात काही जण सॉकेटच्या मागे अर्थिंगचा पॉइंट न्यूट्रललाच जोडून टाकतात. सगळं छान चालतं, टेस्टरही काही बोलत नाही. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटते, त्या दिवशी चालू उपकरणातून आलेली फेज या जोडातून थेट बॉडीवर येते. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना फ्रिज शॉक देतो. कूलरची थ्री पिन काढून टू पिन लावणं किंवा अर्थिंगची दांडी कापणं हा याचाच भाऊ.

जबाबदारी कोणाची?

नवं कनेक्शन घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पण नंतर एसी येतो, गिझर येतो, इन्व्हर्टर येतो, आता छतावर सोलरही येतंय, आणि आतलं वायरिंग सहसा पुन्हा कोणी तपासत नाही. राष्ट्रीय विद्युत संहितेची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, पण ती जुन्या बोर्डाच्या आत आपोआप शिरणार नाही. मीटरच्या पुढचं घर आपलं आहे. दरवर्षी नुसतं आवाहन करून हे मृत्यू थांबत नाहीत, हे तर दिसतंच आहे. ज्या भागात कूलर घरोघरी आहेत, तिथे उन्हाळ्याआधी अर्थिंग तपासणीची मोहीम घ्यायला काय हरकत आहे?

आजच करता येण्यासारखं

- घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का बघा. नसेल तर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. खर्च साधारण दीड ते तीन हजार. असेल तर तिचं टेस्ट बटण दाबून बघा. पडली नाही तर ती शोभेची आहे.
- कूलरला थ्री पिनच लावा. पाणी भरताना नुसता स्विच बंद करून थांबू नका, पिन काढा. स्विच चुकून न्यूट्रलवर असेल तर बंद करूनही आत फेज असते.
- कुठल्याही वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो चालतोय का बघा, मगच वायर तपासा.
- मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते. तोही बंद करा.
- नवं वायरिंग करताना आयएसआय मार्कची वायर घ्या. प्रत्येक रंगाचं बंडल पुरेसं आणा आणि बोर्ड बंद व्हायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- कोणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने त्याला बाजूला करा. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

यंदा कूलर माळ्यावरून खाली काढाल, तेव्हा नवीन गवताच्या जाळ्या बसवायच्या आधी त्याची पिन उघडून बघा. हिरवी वायर खरंच कुठे जोडलेली आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.