दोन डॉलरचा बोर्ड आणि पैसा फंडाचा विसर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी हवे तितके सुटे मिळतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी ते पिशवीत भरून घरी येतो. ते सारे ज्या हिरव्या पट्टीवर बसवायचे, तो पीसीबी म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड मात्र तो चीनमधील शेन्झेनकडून मागवतो. तेथील जेएलसीपीसीबीसारखी कंपनी दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे, दोन थरांचे पाच बोर्ड अवघ्या दोन डॉलरला देऊ करते. त्याच आराखड्याचा भाव तो जवळच्या औद्योगिक वसाहतीत विचारतो, तेव्हा त्याला 'टूलिंगचे वेगळे पडतील' असे सांगितले जाते, आणि कित्येकदा 'एवढ्या थोड्या नगांसाठी यंत्र लावणे परवडत नाही' हे उत्तर ऐकून तो परत फिरतो.

हे ऐकून स्वदेशीचा अभिमानी माणूस संतापतो आणि तो संताप बहुधा त्या विद्यार्थ्यावर निघतो. आजच्या पिढीला देशाचे काही वाटत नाही, असा निवाडा चहाच्या टेबलावर तत्काळ दिला जातो. हा निवाडा जितका सोपा तितकाच अन्यायकारक आहे. ज्या मुलाला पहिला बोर्ड चुकणार, कदाचित दुसराही चुकणार, हे ठाऊक आहे, त्याने प्रत्येक चुकीसाठी हजारो रुपये मोजावेत, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मुळात दोन डॉलरचे हे गौडबंगाल आहे तरी काय? काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या पत्र्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो. त्यात भोके पाडून त्यांच्या आतील भिंतींना तांब्याचा मुलामा द्यायचा, त्यावर आराखडा उमटवायचा, नको ते तांबे रसायनाने काढायचे, वर हिरवा लेप लावायचा, अशी ही कृती आहे. यात पत्रा आणि रसायने यांचा खर्च थोडा असतो. खरा खर्च आराखड्याची फाईल तपासणे, फिल्म काढणे, भोके पाडणारे यंत्र लावणे या पूर्वतयारीचा. बोर्ड पाच असोत वा पाचशे, ही तयारी एकदाच करावी लागते. कारखान्यात सर्रास वापरला जाणारा पत्रा अठरा इंच रुंद आणि चोवीस इंच लांब असतो. त्यावर दहा सेंटिमीटरचे वीसएक बोर्ड बसतात. पाच बोर्डांसाठी एकट्या गिऱ्हाइकाने सारा पत्रा अडवला, तर तयारीचा सगळा भार त्याच्याच माथी येतो. चार गिऱ्हाइकांचे आराखडे शेजारी शेजारी मांडले, तर तोच भार चौघांत वाटला जातो. शेन्झेनने हे वाटप हजारो गिऱ्हाइकांत आणि दिवसरात्र चालवले, हे तेथील स्वस्ताईचे मोठे कारण आहे.

चिनी सरकारचे पाठबळ आणि खर्चाहून कमी भावात माल ओतण्याची वृत्ती यांचाही त्यात वाटा नाही, असे कोणी भाबडेपणाने समजू नये. भारत सरकारने 2024 मध्ये चीन व हाँगकाँगहून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या कोऱ्या बोर्डांवर अँटि-डम्पिंग शुल्क बसवले, ते काही उगाच नव्हे. पण अशा शुल्काने चिनी बोर्ड महाग होतो, देशी बोर्ड स्वस्त होत नाही. 2025 मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तीत बहुस्तरीय बोर्डांनाही स्थान दिले. पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि मोठा कारखाना मोबाईलसाठी लाखो बोर्ड काढू लागला, म्हणून तो सांगलीच्या विद्यार्थ्याचे पाच बोर्ड करून देईल, अशी आशा बाळगण्याचे कारण नाही.

आराखडे एकत्र करण्याची युक्ती चीनची मिरासदारीही नाही. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील छंदिष्टांच्या एका गटाने आपापले आराखडे गोळा करून सामाईक मागणी नोंदवायला सुरुवात केली. त्यातूनच ओएसएच पार्क ही सेवा उभी राहिली. दोन थरांच्या बोर्डाचे तीन नग चौरस इंचाला पाच डॉलर या दराने देणारी, तेही अमेरिकेसारख्या महागड्या देशात तयार करून, म्हणून ती नावारूपाला आली. बेल्जियमच्या युरोसर्किट्सने हेच तत्त्व युरोपात रुजवले.

आणि महाराष्ट्राला तर हे कोणी शिकवण्याची गरजच पडू नये! अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागितला, लोकमान्यांनी त्या खटपटीला पाठबळ दिले आणि 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. एकट्याला न झेपणारा खर्च अनेकांत वाटून उद्योग उभारण्याची ही रीत या मातीतली. तिचा विसर पडला तो तिच्याच वारसांना.

देशात काहीच होत नाही, असेही नाही. गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स अशा कंपन्यांनी संकेतस्थळावर फाईल घेऊन भाव सांगण्याची आणि थोडे नगही करून देण्याची पद्धत आणली. त्यांचा भाव शेन्झेनच्या शेजारी ठेवताना बरेच जण फक्त दोन डॉलरचा आकडा पाहतात, आणि तेथेच फसतात. त्यात कुरिअरचे भाडे धरावे लागते, आणि घाईच्या कुरिअरला ते बोर्डांच्या किमतीच्या कित्येक पट पडते. आयातीवरचे कर आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार वेगळाच. स्वस्त टपालाने मागवावे तर आठवडे जातात. 2020 च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवानांना वीरमरण आले. त्यानंतर चीनहून आलेल्या मालाची बंदरांत व विमानतळांवर कसून तपासणी सुरू झाली आणि कित्येकांची पार्सले अडकून पडली. एवढे सारे मिळवूनही चिनी बोर्ड कधी कधी स्वस्तच ठरतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण हिशेब दारात पोहोचलेल्या बोर्डाचा करावा, जाहिरातीतल्या बोर्डाचा नव्हे. प्रत्येक नगाची विद्युत चाचणी भावात धरली आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. तुटकी रेषा शोधण्यात आठवडा घालवणाऱ्याला वाचलेले शंभर रुपये फार महाग पडतात.

फाईल पाठवली की चीन गुपित चोरणार, हा ओरडाही जपून करावा. रेषेवरून चालणाऱ्या यंत्रमानवाच्या आराखड्यात चोरण्याजोगे काय असते? संरक्षणाशी संबंधित काम मात्र सीमेबाहेर जाताच कामा नये, तेथे भावाचा विचारच अप्रस्तुत. खरा धोका निराळा आहे. जेएलसीपीसीबीच्याच समूहात आराखडे काढण्याचे फुकट सॉफ्टवेअर आहे, सुटे भाग विकणारी एलसीएससी आहे आणि ते भाग बोर्डावर बसवून देण्याची सोयही आहे. त्यांच्या यादीत जो भाग स्वस्त, तोच मुलगा आराखड्यात घालतो. पुढे त्याचा उद्योग उभा राहिला तरी त्याची मुळे शेन्झेनमध्येच राहतात. दोन डॉलरच्या आमिषामागचा खरा व्यापार हा आहे. केवळ देशप्रेमाची व्याख्याने ऐकवून तो मोडणार नाही. फुकटच हवे तर केकॅडही उपलब्ध आहे, ज्याला युरोपातील सर्न या संशोधन संस्थेचे साहाय्य लाभले. महाविद्यालयांनी ते शिकवावे.

महाविद्यालयांना आणखीही एक काम सहज करता येईल. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प साधारण एकाच सुमारास बोर्डाच्या टप्प्यावर येतात. साठ विद्यार्थी साठ पार्सले मागवतात आणि विभागप्रमुख सही करून मोकळे होतात. त्याऐवजी दोन थर, 1.6 मिलिमीटर जाडी, हिरवा लेप असे एकच साधे मान ठरवून द्यावे, सर्व आराखडे एका पत्र्यावर मांडावेत आणि भोसरीच्या किंवा अंबडच्या एखाद्या कारखानदारासमोर ठेवावेत. एका फाईलमध्ये अनेक आराखडे असले तर काही उत्पादक जादा आकार लावतात, तो आधी ठरवून घ्यावा. भरलेला पत्रा समोर आला, तर 'यंत्र लावणे परवडत नाही' हे उत्तर कारखानदाराला देता येणार नाही. तरीही त्याने तेच दिले, तर त्याची मागणी गांधीनगरला जाईल.